पहिलं स्थळ

“रिक्षांवर स्टिकर, गणपतीपुळ्याच्या पार्किंगला बॅनर, रोज एक रील. सगळं करू,” अक्षया म्हणाली. “पण दादा, जाहिरात करायची कशाची? आपल्याकडे एकाही मुलीचं नाव नाही.”

सुजयने मान डोलावली. ‘कोकणातलं सासर’ ही त्याची नवी वेबसाइट. लग्न करून गावातच राहायला जे तयार आहेत त्यांची गाठ घालून द्यायची, एवढंच तिचं काम. मुलांची नोंदणी धो धो झाली. कुणाची हापूसची बाग, कुणाची स्वतःची होडी, कुणी लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत कायम. मुलींचा रकाना मात्र कोरा. मुलं फोन करून विचारायची, “आली का एखादी?” सुजयने मुंबईतली नोकरी सोडून हे मांडलं होतं. असंच चाललं तर पावसाळ्याआधी गाशा गुंडाळावा लागणार होता.

अक्षया त्याची चुलत बहीण. रत्नागिरीतल्या दुकानांच्या जाहिराती करायची. सकाळीच मालगुंडला येऊन ती त्याच्या ओटीवर योजना आखत बसली होती. तिचं म्हणणं एकच. पहिली पुढे येत नाही म्हणून दुसरी येत नाही. एखाद्या बाईने कॅमेऱ्यासमोर हसतमुखाने सांगायला हवं, की मला इथेच संसार करायचाय. त्यांनी शेजारच्या ऋतिकाला विचारलं. ती तयार होती, पण घरचे म्हणाले, गावभर चर्चा होईल.

सुजयची आई, सावित्री, तिथेच आमसुलं निवडत होती.

“मी बोलते,” ती म्हणाली.

अक्षयाला ते एकदम पटलं. काकू डोंबिवलीहून लग्न होऊन इथे आलेली. सुजय शाळेत असताना काका गेले, तरी ती माहेरी परतली नाही. बाग तिनेच उभी केली. तिचं ऐकून मुलींना धीर आला असता. सावित्री हात धुऊन, ठेवणीतली निळी साडी नेसून आली. सुजयने मोबाइल धरला.

“मी सावित्री. वय बावन्न. दिवसभर बागेत असते, तिथे काही वाटत नाही. संध्याकाळी समुद्रावर फिरायला जाते, तेव्हा सोबत कुणी असावं असं वाटतं. म्हणून मला लग्न करायचंय. मी गाव सोडणार नाही, येणाऱ्याने इथे यायचं. त्याला मासे आवडले पाहिजेत. आणि मी फार बोलते, ते त्याने ऐकून घेतलं पाहिजे.”

सुजयने मोबाइल खाली घेतला.

“काकू, खरंच?” अक्षयाने हळूच विचारलं.

“खोटं कशाला बोलू गो?”

“आई, लोक काय म्हणतील?” सुजयच्या तोंडून निघून गेलं.

“लोकांनी बघावं म्हणूनच टाकतोस ना?”

सुजय उठून घरापुढच्या खळ्यात गेला. माडाला टेकून उभा राहिला. मुंबईहून तो आईला रोज फोन करायचा. जेवलीस का, मोहोर कसा आहे, पंप दुरुस्त झाला का. तिला एकटं वाटतं का, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. अख्ख्या तालुक्यातल्या एकट्या माणसांचा विचार करून त्याने वेबसाइट काढली होती.

तो परत आला तेव्हा सावित्री पुन्हा आमसुलं निवडायला बसली होती. पण मान वर करत नव्हती.

“मासे कोण आणणार?” त्याने विचारलं. “तू की तो?”

“बाजार त्याने करायचा,” ती म्हणाली, आणि तिघंही हसायला लागली.

अक्षयाने लगेच लॅपटॉप उघडला. नाव, गाव, शिक्षण भरून झालं.

“नोंदणी कोणी केली?” तिने वाचलं. “आई, वडील, भाऊ, बहीण, स्वतः. स्वतः करू ना, काकू?”

“थांब,” सुजय म्हणाला. त्याने लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि त्या पर्यायांत एक शब्द वाढवला: मुलगा.