सुईतला दोरा

द्वारकाबाईंच्या नावाचा पुकारा झाला आणि सपनाने फाइल उघडून नाव पुन्हा वाचलं. फाइल तिच्या हातात नुकतीच पडली होती. विजयकुमार वकिलांना जामिनाच्या कामासाठी शेजारच्या कोर्टात जावं लागलं, आणि जाताजाता ते म्हणाले, उलटतपासणी तू घे. साक्षीदार कोण, हे विचारायची तिची हिंमत झाली नव्हती.

हिंगोलीच्या कोर्टात दरवर्षी नवे काळे कोट येतात, झाडाखालची वकिलांची टेबलं मात्र तेवढीच राहतात. विजयकुमार वकिलांच्या टेबलाशी एक खुर्ची रिकामी होती. तिच्यासाठी सपना आणि पुनम वर्षभर उभ्या होत्या, अगदी खरोखरच्या उभ्या. पुढची तारीख मिळावी, यापलीकडे दोघींपैकी एकीनेही कोर्टात तोंड उघडलं नव्हतं. सर एकीला ठेवणार आणि दुसरीला रामराम म्हणणार, हे चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

शिपायाने हात दिला आणि द्वारकाबाई साक्षीच्या पिंजऱ्यात चढल्या. म्हाताऱ्या बाईला कोणी ना कोणी हात देतंच, त्यामुळे त्याकडे कुणी पाहिलं नाही. त्या सपनाच्याच गावच्या, नरसीजवळच्या, भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या. सपना ज्या गोधडीत वाढली ती त्यांनीच शिवलेली. बांधाच्या भांडणात रामकिशनने मुंजाजीचा हात मोडला हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं, पण कोर्टात येऊन सांगायला त्या एकट्या तयार झाल्या. रामकिशन हा सरांचा पक्षकार. म्हणूनच सपना या फाइलपासून आजवर चार हात लांब राहिली होती.

सरकारी वकिलांना द्वारकाबाईंनी ठणकावून सांगितलं की मारणारा रामकिशनच, आपण अंगणातून बराबर पाहिलं. सपना उठली. तिच्या तोंडून आधी मावशी असंच निघालं. तिने जीभ चावली आणि पुन्हा सुरुवात केली. बाई, तेव्हा अंधार पडला होता ना?

आवाज कानावर पडताच द्वारकाबाईंचा चेहरा फुलला. अंधार कुठला, दिवेलागणसुद्धा झाली नव्हती, त्या म्हणाल्या. मध्ये झाड नव्हतं. अंतरही हाकेचंच होतं. कधीतरी उलटतपासणी मिळेल म्हणून सपनाने वर्षभर रात्र रात्र जागून पाठ केलेले नेहमीचे प्रश्न असे एकेक करून वाया गेले.

सर दारात येऊन उभे होते. त्यांच्या मागे पुनम होती. सर सपनाकडे पाहत नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत होते, आणि तेच तिला जास्त लागलं.

न्यायाधीश बाईंनी विचारलं, आणखी काही प्रश्न?

नाही म्हटलं असतं तर रविवारी द्वारकाबाईंच्या ओट्यावर बसायला ती मोकळी होती. पण उद्या टेबलाशी उभं राहायलाही जागा नसती. पोरगी वकील झाली म्हणून आईने गावभर साखर वाटली होती. खुर्ची गेली तर गावात तोंड कसं दाखवायचं? एक प्रश्न तिच्याजवळ होता. तो विचारायचा नाही, असं ती मघापासून स्वतःला बजावत होती.

"बाई, गोधडी शिवताना सुईत दोरा कोण ओवून देतं तुम्हाला?"

द्वारकाबाई मोकळ्या हसल्या. इतक्या वेळात कुणीतरी घरचं काही विचारलं होतं.

"तूच की गं. गेल्या रयवारी नव्हं का समद्या सुया ओवून ठिवल्यास? मला कुठं दिसून राहिलं आता."

"मुंजाजीला मारलं तेव्हाही दिसत नव्हतं?"

"तवाबी न्हाई. लई दिस झाले डोळे जाऊन. पन आवाज..."

"एवढंच, मॅडम," सपना घाईने म्हणाली आणि खाली बसली.

न्यायाधीश बाईंनी एकदा सपनाकडे पाहिलं, मग जबाब सांगायला घेतला. टाइप करणाऱ्याची बोटं चालू लागली. सरकारी वकील पुढच्या फाइलचे कागद चाळत होते. तुम्हाला काही विचारायचं आहे का, असं त्यांना विचारलं गेलं तेव्हा त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली. शिपायाने पुढचा पुकारा केला.

व्हरांड्यात सर म्हणाले, उद्यापासून खुर्चीत बसत जा. पुनम जिना उतरून गेली. सपनाला हायसं वाटलं आणि त्याच क्षणी स्वतःची शिसारी आली.

द्वारकाबाई पायरीच्या तोंडाशी काठीने चाचपत उभ्या होत्या. सपना आहे का गं, असं त्यांनी हवेतच विचारलं. तिने पुढे होऊन त्यांचा हात धरला. तो हात कोरडा, खरखरीत होता आणि त्याला सुया टोचल्याच्या खुणा होत्या.

"बरं झालं तू व्हतीस," त्या म्हणाल्या. "भ्या वाटून राहिलं व्हतं. तुला ऐकलं अन् जिवात जीव आला. म्हनलं, आपलं लेकरू हाय."

दोघी एक पायरी उतरल्या. तेवढ्यात मागून कुणीतरी लगबगीने आलं.

"लई बराबर पकडलं, वकीलबाई," रामकिशन म्हणाला.

द्वारकाबाई जागच्या जागी थांबल्या. सपनाच्या मनगटावरची त्यांची बोटं घट्ट झाली.

"ह्योच गं, लेकरा. ह्योच आवाज," त्या कुजबुजल्या. "मघा माझं सांगायचं ऱ्हायलं बग. चल, मला आत घिऊन चल. तू म्हनलीस तर त्या जजबाई ऐकतील."