तांब्याची नळी

दुसऱ्या गिअरमध्येच म्हातारीचं इंजिन फुटलं. असा दणका झाला की प्रेक्षकांच्या स्टँडमधली माणसं ताडकन उभी राहिली. बॉनेटच्या फटींतून काळा धूर आला, काचेवर तेल उडालं. वायरमनने गाडी कशीबशी धावपट्टीच्या कडेच्या गवतात नेऊन थांबवली. बेल्ट सोडून तो बाहेर आला. शेजारची निळी गाडी केव्हाच शेवटची रेघ ओलांडून गेली होती. शर्यतीची फायनल संपली होती.

म्हातारी म्हणजे त्याची भंगारातून उचललेली छोटी गाडी. एरवी तो लोकांच्या घरची वायरिंग करी. सुट्टीच्या दिवशी मात्र बाप-लेक घरामागच्या शेडमध्ये म्हातारीची चाकरी करत. एका मोडक्या व्हॅनचा टर्बो, म्हणजे इंजिनात दाबाने हवा कोंबणारा पंखा, काढून त्यांनी तिला बसवला होता. काल, शनिवारी, तिने भल्याभल्या चकचकीत गाड्यांना पाणी पाजलं. "म्हातारीने काठी टाकली रे," असं म्हणत लोक तिच्याभोवती जमले होते.

टर्बोचा दाब वाढवला की गाडी पळते. पण तो फाजील झाला की इंजिन आतून वाजू लागतं, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसं. ते वेळीच कळलं नाही तर पिस्टनचा निकाल लागतो. म्हणून बाबांनी इंजिनला तांब्याची एक नळी जोडली होती. नळीला रबरी पाइप, आणि पाइपचं टोक बाबांच्या कानात. चाचणीला ते शेजारी बसत, डोळे मिटत आणि खडे वाजले की बोट वर करत. उभी हयात गॅरेजात घालवलेल्या त्या कानांवर वायरमनचा देवापेक्षा जास्त भरवसा होता. "तुमचे कान गेले ना बाबा, की त्याच दिवशी मी म्हातारी विकणार," असं तो गमतीने म्हणे. बाबा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि मग हसत.

आज सकाळी त्याने फायनलसाठी दाब वाढवला आणि मागच्या रस्त्यावर चाचणी घेतली. बाबांनी पाइप कानात घातला, डोळे मिटले. बोट काही वर झालं नाही. "ठीक आहे. पळव," ते म्हणाले. मग वजन कमी व्हावं म्हणून शेजारची सीट आणि ती नळी, दोन्ही काढून ठेवली.

आता बाबा गवतातून धापा टाकत आले. त्यांनी आधी लेकाला डोक्यापासून पायापर्यंत चाचपून बघितलं. मग म्हणाले, "तिसरा टाकायला उशीर केलास."

वायरमन त्यांच्याकडे बघतच राहिला. शर्यत चालू असताना बाबा कधी धावपट्टीकडे बघत नसत, पाठ करून उभे राहत. गाडी बघायची नसते, ऐकायची असते, असं त्यांचं म्हणणं. गाडी परतली की ते तिसऱ्या गिअरचा उशीर सांगत. दर वेळी तेच सांगत आणि दर वेळी ते खरं निघे, कारण वायरमनचा तिसरा कायमच अडखळे. पण आज तिसऱ्याची पाळीच आली नव्हती.

"तिसरा टाकलाच नव्हता, बाबा."

बाबांचा चेहरा उतरला. "असं होय," म्हणत ते हत्यारं गोळा करायला वळले.

वायरमनच्या मनात नको ते येऊ लागलं. सकाळी खडे ऐकूनही बाबा गप्प बसले की काय? शर्यतीचा नाद सुटावा म्हणून? पोटच्या पोराच्या जिवाशी असा खेळ?

तेवढ्यात बायको मोबाइल घेऊन धावत आली. तिने सगळी शर्यत टिपली होती. वायरमनने मोबाइल हिसकावूनच घेतला. खडे कधीपासून वाजत होते ते त्याला ऐकायचं होतं. पुन्हा पुन्हा तोच दणका, पुन्हा पुन्हा त्याच किंकाळ्या.

"गाडीचं राहू दे," बायको म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आवाज बंद कर आणि कठड्यापाशी बघ."

त्याने आवाज बंद केला. कठड्यापाशी माणसांची रांग उभी होती. म्हातारीतून धूर निघाला त्या क्षणी ती सगळी रांग दचकली. कुणी खाली वाकलं, कुणी कानांवर हात दाबले, एकाच्या हातातली बाटली निसटली. एकच माणूस धावपट्टीकडे पाठ करून फडक्याने तांब्याची नळी पुसत होता. तो पुसतच राहिला. शेजारच्याने दंड धरून वळवलं, तेव्हा कुठे त्याने मागे बघितलं.

वायरमनला बाबांनी न उचललेले फोन आठवले. ते तोंडाकडे टक लावून बघणं आठवलं. म्हातारी विकायची धमकी तर आपलीच होती. शेडमधली ती जागा जाऊ नये म्हणून हा माणूस कान गेल्याचं लपवून गप्प राहिला, आणि आपण मरता मरता वाचलो. चिडावं की रडावं, त्याला कळेना.

"बाबा," त्याने मागून हाक मारली. बाबा पाने पुसत राहिले. मग तो वळसा घालून त्यांच्यासमोर जाऊन बसला. बाबांनी नेहमीसारखी त्याच्या तोंडावर नजर लावली. सकाळी नळीत खडे ऐकू आले होते का, असं त्याने विचारलं. पण नुसते ओठ हलवले, घशातून आवाज काढलाच नाही. शेजारी उभ्या बायकोलाही काही ऐकू आलं नाही.

बाबा दुखावल्यासारखे झाले.

"ऐकू आलं असतं तर बोट वर केलं नसतं का रे?"