दुपारची गोळी

गोळ्यांच्या डबीचं झाकण टक्कन वाजलं आणि दुपारची शांतता मोडली. सासूबाईंचा गुडघा बदलल्यापासूनची ही गोळी साधीच, गुंगी न आणणारी. पण वेळच्या वेळी घेतली तरच दुखणं ताब्यात राहतं, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरीही त्या रोज कळवळायच्या, आणि आधीच थकलेली सून हातातलं काम टाकून, बर्फाची पिशवी घेऊन त्यांच्याजवळ बसायची.

आज त्यांची उशी सारखी करताना खालून न घेतलेल्या गोळ्या घरंगळल्या.

"अहो आई, काय हे! मुद्दाम दुखवून घेता?"

"ओरड हवं तेवढं," सासूबाई पुटपुटल्या, "पण जरा बसून ओरड."

दाराशी उभ्या लेकीने विचारलं, "आई, आजीचं दुखायचं थांबलं की तू नाही बसणार तिच्याजवळ?"