गुरुवारी पाच ते सात

सहा गुरुवार उलटले, तरी शर्टाच्या बाहीवर मातीचा एक ठिपका नाही. तिने शर्ट खिडकीशी नेला, उलटा केला, कॉलर हुंगली. साबणाचा वास. घरचा नव्हे, दुसराच कुठला तरी.

"काय म्हणतोय शर्ट?" सासूबाईंनी पलंगावरून विचारलं.

"तोंड उघडत नाही, आई. तुमच्या लेकावर गेलाय."

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांचा डावा हात गळ्यातल्या झोळीत होता. महिन्यापूर्वी न्हाणीघरात पाय घसरला, असं लेकानेच डॉक्टरांना सांगितलं होतं.

लेक वजनमाप खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांतले तराजू तपासायचे, खोट सापडली की सील ठोकायचं. घरातही त्याचं सगळं काट्यावर. खणातले चमचे एका दिशेला तोंड करून, चपला दाराशी एका रेषेत. अकराला एक फोन, चारला एक. "काय करतेयस? आई कुठेय?" खालच्या मजल्यावरची शिवणवाली तर म्हणायचीच, "नवरा असावा तर असा! मी घरात आहे की माळ्यावर, आमच्या ह्यांना पत्ता नसतो."

असा माणूस दीड महिन्यापूर्वी एकाएकी म्हणाला, "दर गुरुवारी ऑफिसातून परस्पर मातीकामाच्या वर्गाला जाणार. पाच ते सात." ज्याने आयुष्यात कधी पत्त्यांचा डाव मांडला नाही, त्याला पन्नाशीच्या उंबरठ्यावर मडकी घडवायची हौस! आणि त्या दोन तासांत फोन नाही की निरोप नाही. साडेसातच्या आत दाराशी हजर. भांग पाडलेला, नखं आरशासारखी.

काल जेवताना तिने सहज विषय काढला होता.

"आज काय केलंत वर्गात?"

"वाडगा."

"आणायचा ना घरी."

"जमला नाही. मोडला."

"सहाही वेळा?"

त्याचा घास हातातच राहिला. "मोजतेस वाटतं?"

तेवढ्यात सासूबाईंना ठसका लागला. पाणी देण्याच्या गडबडीत विषय बुडाला.

आता शर्टाची घडी घालता घालता ती म्हणाली, "आई, कुठे तरी पाणी मुरतंय."

"मुरतंय की नाही, ते डोळ्यांनी बघून ये. ऐकीव गोष्टीवर पाऊल उचलू नये. एकदा उचललं की मागे घेता येत नाही."

"आणि तो तिथे नसलाच तर?"

सासूबाईंनी झोळीतला हात सावरला. "तर गप्प बसायचं. मी बसलेच की इतकी वर्षं."

पुढच्या गुरुवारी चारचा फोन येऊन गेला. साडेचारला तिने डोक्यावरून रुमाल बांधला.

"फोन आलाच तर?"

"अंघोळीला गेलीय म्हणेन. तू निघ."

वर्ग एका जुन्या छापखान्याच्या मागच्या शेडमध्ये होता. फाटकाशी त्याची स्कूटर दिसली. पण स्कूटर उभी करून माणूस कुठेही जाऊ शकतो. ती भिंतीच्या कडेकडेने पुढे सरकली. तोच आतून एका बाईचं खळखळून हसणं ऐकू आलं. ती खिडकीकडे वळली.

खिडकीच्या काचेवर धुळीचा थर. तिने बोटाने एक कोपरा पुसला.

आत पाच चाकं फिरत होती. हसणारी बाई दाराजवळच्या चाकावर, शेजारणीशी गप्पा मारत. तो अगदी शेवटच्या चाकावर, एकटा. गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लांब बाह्यांचा एप्रन, हात चिखलाने माखलेले. त्याने वाडग्याच्या काठाला मोजपट्टी लावली. पुन्हा लावली. मग शांतपणे मूठ वळली आणि वाडगा ठेचून सपाट केला. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. नवा गोळा घेतला.

"कुणाला शोधताय?"

ती दचकली. कुरळ्या केसांची एक बाई बादली घेऊन नळाशी आली होती.

"वर्गाची चौकशी करायची होती," ती कशीबशी म्हणाली. "वेळेवर सुटतो ना हो? मधूनच लवकर वगैरे?"

"लवकर? छे! ते शेवटच्या चाकावरचे गृहस्थ दिसतात ना, सातचा ठोका पडेपर्यंत जागचे हलत नाहीत. वर पंधरा मिनिटं साबण लावून नखं घासतात. फोनसुद्धा मास्तरांच्या खणात ठेवून देतात."

"कधी चुकवत नाहीत?"

"एकही गुरुवार नाही. पुढच्या तीन महिन्यांसाठीही नाव घातलंय त्यांनी." बाईने बादली उचलली. "तुम्हीही येताय का?"

"बघते," ती म्हणाली. "घरी विचारून सांगते."

परतताना तिची पावलं हलकी पडत होती. कोपऱ्यावर तर ती चक्क धावली. जिना चढून वर आली, तेव्हा सहाला दहा कमी होते. सासूबाई दाराच्या आत उभ्याच होत्या.

"आहे?"

"आहे. चाकाला चिकटलेला. सातच्या आत उठत नाही, फोनही जवळ ठेवत नाही."

"स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस?"

"या डोळ्यांनी पाहिलं, आई."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी भिंतीला पाठ टेकली, डोळे मिटले आणि पुटपुटल्या, "मग पुढच्या गुरुवारी सव्वापाचला गाडी सांग. तो घरी पोचेल तोवर आपण दोघींनी हे गाव सोडलेलं असेल. माझी बॅग मी केव्हाच भरून ठेवलीय."