खडकावरची लाल रेघ

डोंगरातून उड्या घेत येणाऱ्या नाल्यात पाहुण्यांना रबरी होडीतून फिरवायचं, तर आधी जिवाची काळजी, असं सुनिलचं म्हणणं. हेल्मेटं, दोर, सगळं त्यानं जमवलं होतं. काठच्या खडकावर लाल रेघही ओढली होती. पाणी रेघेच्या वर गेलं, की होडी उतरणार नाही.

आज नागपूरहून पहिलेच पाहुणे आले, आणि रेघ नेमकी पाण्याखाली गेलेली.

"भाऊ, इतक्या लांबून आलो, एक चक्कर तरी मारू द्या!"

"नाई म्हणजे नाई. अशा पाण्यात कोणी उतरत नसते," सुनिल हात जोडून म्हणाला.

तेवढ्यात खालच्या अंगाला नावाडी डोमाभाऊची लाकडी डोंगी हेलकावे खात मधल्या धारेला लागली. तिच्यात कपाळी बुक्का लावलेली एक म्हातारी, दोन्ही हात वर करून खुशाल गात बसलेली.

"मग त्या आजी कोण हो?" पाहुणे हसले.

सुनिल काठाशी धावला. हाक मारावी, तर ती वळून डोंगीतच उभी राहायची.

 

"माय आहे माझी. पल्याड कीर्तन आहे. तरंगायचं जाकीट देल्लं होतं तिले, तर म्हणते, ते घालून विठ्ठलासाठी हात वर होत नाई."