तीळवाली कुदळ

बाजारातून आणलेली कुदळ साबिनोने ऐरणीवर आपटली.

"ही कुणाची, कोंपाद्रे?"

मेलितोन भात्याशेजारी उकिडवा बसून उकडलेल्या मक्याचे दाणे तोंडात टाकत होता. त्याने जरा वाकून पाहिलं. "तुमचीच की. पाठीवर तीळ आहे ना."

तीळ होता खरा. साबिनोच्या साच्याचा एक टवका कधीच उडाला होता, त्यामुळे त्यातून निघणाऱ्या प्रत्येक कुदळीच्या पाठीवर बारीकसा उंचवटा यायचा. डोंगरावरच्या बायका बटाटे काढायला 'तीळवाली'च मागायच्या, दुसरीला हात लावायच्या नाहीत. पण या कुदळीचं दांड्याचं नेढं होतं गोल. साबिनोने जन्मात गोल नेढं पाडलं नव्हतं. आणि खालच्या बाजारात अशा कुदळींचा हा ढीग पडलेला, निम्म्या भावात!

"माझी नाही ही," साबिनो म्हणाला. "माझ्या साच्यातली आहे, पण माझी नाही. कार्निव्हलला आम्ही फोर्तुनाताच्या माहेरी गेलो, तेव्हा इथली चावी कुणाकडे होती?"

मेलितोनचा चावणारा जबडा थांबला. "माझ्याकडे."

"आणि नंतर तुमच्या घरी नवा रेडिओ आला."

"मेव्हण्याने पाठवलाय लिमाहून. तुम्हीच ऐकायला येऊन बसता की रोज."

"मेव्हण्याने!" साबिनो हसला, आणि ते हसणं त्याचं त्यालाच कडवट लागलं. बाजारातून घरी येईपर्यंत त्याने हेच घोळवलं होतं. मेलितोन हल्ली लवकर घरी जातो. मेलितोन हल्ली फार बोलत नाही. मेलितोनने परवा विचारलं, ट्रकचे जुने पाटे, ज्यांच्या कुदळी होतात ते, कुठे मिळतात म्हणून. एकदा मनात पाल चुकचुकली की माणसाला साधी गोष्ट साधी दिसतच नाही. "माझ्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलंस तू, मेलितोन. तिचा धर्मपिता आहेस, म्हणून तर माझा कोंपाद्रे. आणि माझ्याच चुलीत पाणी ओततोस?"

"अहो, काय बोलताय!" दारातून फोर्तुनाता ओरडली. "कोंपाद्रेला तू म्हणता? लाज वाटत नाही?"

तोंडातले दाणे गिळून मेलितोन उठला, ती कुदळ उचलली आणि ऐरणीत बसवलेल्या साच्याच्या खालच्या भागात ठेवली. बोटाने जराशी हलवली. कुदळ खुळखुळली. मग त्याने भिंतीला टेकलेली साबिनोची कालची कुदळ घेतली आणि ती ठेवली. ती नीट बसली.

साबिनोने दोन्ही कुदळी पाठीला पाठ लावून धरल्या. बाजारातली नखभर आखूड होती. रुंदीलाही कमी.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. कुणीतरी त्याचीच एक तीळवाली विकत घेतली होती, पोलादाचा ठोकळा लालभडक करून त्यात ती घणाने दाबली होती. तिळासकट ठसा उठला. ठोकळा निवला तसा ठसा आकसला आणि त्यातली कुदळ लहान निघाली. हे जगात कुणाला नाही तरी साबिनोला कळायला हवं होतं. त्याने स्वतःचा साचा बापाच्या कुदळीवरून असाच तर उठवला होता, आणि तो बारका निघाला म्हणून आठवडाभर स्वतःला शिव्या घातल्या होत्या. रागाच्या भरात तेवढंच नेमकं विसरला शहाणा.

"कोंपाद्रे," तो म्हणाला, "माझं चुकलं. माझ्या जिभेला हाड नाही. माफ करा."

फोर्तुनाताने घाईघाईने चिचाचा पेला भरून आणला. मेलितोनने पहिला घोट जमिनीवर सांडला, धरणीमातेचा. बाकीची मक्याची दारू एका दमात प्याला आणि मिशी पुसली.

"झालं ते झालं. लोखंड तापलंय. लावा."

साबिनोला हायसं वाटलं. बटाट्याची काढणी तोंडावर आली होती, निम्म्या कुदळी अजून व्हायच्या होत्या, आणि या साच्यावर एकट्या माणसाचं काही चालत नाही. एकाने वरचा भाग दांड्याने धरायचा, दुसऱ्याने त्यावर घण घालायचा. घण वीतभर इकडेतिकडे झाला की धरणाऱ्याचं मनगट संपलं. गेली कित्येक वर्षं साबिनो धरत होता, मेलितोन घालत होता, आणि दोघं त्याच वेळी बायकांच्या कुचाळक्या करत होते.

त्याने सांडशीने पिवळंधमक लोखंड काढलं, साच्यात ठेवलं, वर दुसरा भाग टेकवला. "घाला!"

मेलितोनने घण डोक्यावर उचलला. साबिनोने वर पाहिलं. मेलितोनच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. साबिनोचा हात आपोआप मागे आला. वरचा भाग कलंडून खाली पडला.

"घाम आलाय हाताला," तो पुटपुटला. पँटला तळवा पुसून त्याने साचा पुन्हा टेकवला. घण पुन्हा वर गेला. हात पुन्हा मागे आला.

मेलितोनने घण हळूच खाली आणला आणि जमिनीवर उभा केला.

"मी चोर नाही, हे पटलं ना तुम्हाला?"

"पटलं. देवाशपथ पटलं."

"मग धरा."

दारात फोर्तुनाता तोंडावर शाल धरून उभी होती. साच्यातलं लोखंड पिवळ्याचं लाल झालं, लालाचं काळं पडत गेलं. साबिनो दांड्याकडे बघत राहिला. हात काही पुढे होईना.