शेजारच्या सीटचं वजन

ही गेली आणि आमची जुनी, दोनच सीटची स्पोर्ट्स कार शेजारच्या सीटकडे ओढायला लागली. मेकॅनिकने स्टिअरिंगचे झिजलेले सांधे बदलले, दोरी ताणून चाकं रेषेत आणली, माझ्या सीटवर माझ्या वजनाएवढी वाळूची पोती ठेवून सगळं पुन्हा तपासलं. तरी ओढ तशीच.

"काका, शेजारी कुणी बसतं का?"

"कोण बसणार? उगाच डोकं खाऊ नकोस."

शेवटी वैतागून मीच म्हणालो, "तिकडेही पोतं ठेव. हलकं. बावन्न किलोचं."

दोन्हीकडे वजन ठेवून त्याने चाकांचे कोन नव्याने बसवले आणि पोती उतरवली. "आता शेजारची सीट रिकामी असली, तर गाडी तुमच्या बाजूला ओढणार. मग मला बोल लावू नका."

नाही ओढली. मोकळ्या रस्त्यावर भर उन्हात मी स्टिअरिंगवरचे हात उचलले. गाडी सुतासारखी सरळ चालली होती.

शेजारी बघायचा धीर झाला नाही. पण कितीतरी दिवसांनी तोंड उघडलं. नळ गळतोय, चष्मा सापडत नाही, दूध रोज उतू जातं, असलंच काहीबाही बोलत राहिलो.

घराजवळच्या सिग्नलला थांबलो. न राहवून विचारलं, "घरी येतेस ना?"

तिकडचं दार हलकेच लागल्याचा आवाज आला.

दिवा हिरवा झाला. मी निघालो, आणि गाडी माझ्या बाजूला ओढू लागली.